दोन प्रवासी जास्त

माणसाच्या प्रगतीचा इतिहास हा मुळात बसायच्या जागेचा इतिहास आहे. आधी तो जमिनीवर बसला, मग पाटावर, मग खुर्चीवर, आणि पुरेशी प्रगती झाल्यावर गुडघे हनुवटीला टेकवून विमानात बसला. याच्या पुढची पायरी शास्त्रज्ञांना अद्याप सापडलेली नाही.

प्रस्तुत लेखक नोंदणी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला असल्यामुळे नियमाने चाललेलं काहीही पाहिलं की त्याचा ऊर भरून येतो. गेल्या उन्हाळ्यात घडलेली एक हकीकत म्हणूनच येथे नोंदवीत आहे. तिच्यात कुठे तक्रारीचा सूर आढळल्यास तो छपाईचा दोष समजावा.

आम्ही तीन भावंडं. थोरली अक्का, वय एकाहत्तर, गणिताची निवृत्त शिक्षिका. मधला मी. आणि धाकटी, जिला साठी उलटली तरी घरात धाकटीच म्हणतात. अक्का आणि धाकटी चौदा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण सरळ होतं. अक्काने धाकटीच्या मुलाला गणितात तेहेतीस गुण दिले होते आणि पास व्हायला पस्तीस लागत. धाकटीचं म्हणणं, सख्ख्या मावशीला दोन गुण जड झाले. अक्काचं म्हणणं, तेहेतीससुद्धा हात सैल सोडून दिले. (दोघींचंही म्हणणं खरं होतं. त्यामुळे तडजोडीला जागाच नव्हती.)

तर एका संध्याकाळी त्याच भाच्याचा फोन आला. "मावशी, आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे. उद्या चारला आत नेणार. ती म्हणते, अक्काला सांग."

"काय सांग?" अक्काने विचारलं.

"एवढंच म्हणाली. अक्काला सांग."

अक्काने फोन ठेवला आणि कापडी पिशवीत दोन पातळं भरली. तिचा बेत सकाळच्या बसने निघायचा होता. बसने रस्ता साडेतीन तासांचा. मी तिला वेड्यात काढलं. विमान साडेदहाला सुटतं आणि पंचावन्न मिनिटांत पोचवतं, म्हणजे अडीच तास वाचतात, हे मी तिला कागदावर मांडून दाखवलं. गणिताच्या बाईंना आयुष्यात प्रथमच कुणी वजाबाकी करून दाखवत होतं. "तू म्हणतोस तर," एवढंच म्हणाली.

सकाळी आठला आम्ही विमानतळावर हजर झालो, कारण साडेदहाचं विमान पकडायचं तर आठला यावं लागतं. (वाचलेल्या अडीच तासांतले अडीच तास येथे खर्ची पडले.) विमान साडेअकराला लागलं.

विमानाविषयी चार शब्द. ते वयाने मोठं होतं. लोक नव्या विमानाचं कौतुक करतात, पण नव्या विमानाला अनुभव काय असतो? आमच्या विमानाने सगळं पाहिलेलं होतं. खुर्चीच्या हातात राखदाणी होती आणि तिच्यावर धूम्रपानास मनाई असल्याची पाटी होती; म्हणजे भूतकाळ आणि वर्तमान दोन्ही एकाच ठिकाणी. माझ्या खुर्चीची पाठ आपोआप मागे जाई, अक्काच्या खुर्चीची काही केल्या जात नसे. सरासरी काढली तर दोघांची सोय उत्तम होती. आमच्या खिडकीचा पडदा अर्ध्यावर अडकला होता. डोक्यावरून थंड पाण्याचे थेंब पडत. "पाऊस आतच पडतो का?" अक्काने विचारलं. हवाई सेविका म्हणाली, "आजी, विमान वर गेलं की थांबतं." ही मुलगी सकाळपासून हसत होती आणि तिचं हसू आता चेहऱ्यापासून थोडं सुटं झालं होतं.

पुढच्या रांगेत खिडकीपाशी एक आडव्या बांध्याचा माणूस बसला होता. तो नळकाम करणारा होता. त्याने ही माहिती स्वतःहून दिली, आणि विमानात पहिल्यांदाच बसतोय हेही. "पोरीने सांगितलंय, ढग वरून कसे दिसतात ते बघून ये. म्हणून मुद्दाम खिडकी मागून घेतली." त्याची खिडकी स्वच्छ होती. मला हे जरा खटकलं.

बारा वाजता कप्तान बोलला. कप्तानाचा आवाज फार आदबशीर होता. तो म्हणाला की, बाहेर ऊन फार आहे, उन्हाने हवा विरळ होते, विरळ हवेत पंख तेवढं वजन उचलू शकत नाहीत, आणि धावपट्टी आहे तेवढीच आहे. सबब दोन प्रवाशांनी स्वखुशीने उतरावं. उतरणाऱ्यांची सोय संध्याकाळच्या विमानाने होईल. बाकीच्यांच्या सहकार्याबद्दल आभार.

विमानात चौसष्ट प्रवासी होते. सगळ्यांनी ताबडतोब सहकार्य केलं, म्हणजे कुणीच हललं नाही.

यानंतरची पंधरा मिनिटं मी कधी विसरणार नाही. कुणी गप्प नव्हतं. पुढच्या एका वकिलाने सांगितलं की, दोघांनी उतरणं हे कर्तव्यच आहे. एका बाईंनी सांगितलं की, तरुणांनी उतरावं. एका तरुणाने सांगितलं की, ज्यांना घाई नाही अशा वयस्कांनी उतरावं. साखरपुड्याला निघालेलं एक कुटुंब होतं, त्यांच्यातल्या कुणीतरी आपल्याच मामांचं नाव सुचवलं आणि मामांनी झोप लागल्याचं दाखवलं. माझ्या मोजणीप्रमाणे, दोघांनी उतरावं याला पाठिंबा असणारे: चौसष्ट. आपल्याला उतरता आलं असतं तर आनंदाने उतरलो असतो असं म्हणणारे: एकोणचाळीस. मोबाईलमध्ये अचानक महत्त्वाचं काही सापडलेले: उरलेले सगळे.

तेव्हा अक्का उभी राहिली. वर्गात उभी राहायची तशीच.

"किती किलो जास्त आहे?" तिने सेविकेला विचारलं.

सेविका आत जाऊन विचारून आली. "एकशे तीस, आजी."

"मग माणसं कशाला उतरवता? इथे प्रत्येकाजवळ एक तरी हातातली पिशवी आहे. पाच किलो धरा. सव्वीस पिशव्या खाली ठेवा, संध्याकाळच्या विमानाने येतील. सव्वीस पंचे एकशे तीस. कुणालाच उतरायला नको."

विमानात कौतुकाची कुजबुज झाली. कप्तानाने आतून मान्यता दिली. वकिलाने टाळी वाजवली. ही सूचना ज्यांना पसंत आहे त्यांनी हात वर करा, असं अक्का म्हणाली, आणि हातच हात वर झाले. मग ती म्हणाली, "आता पिशव्या द्या."

हात खाली आले.

दोन पिशव्या जमा झाल्या. एक अक्काची आणि एक नळवाल्याची. वकिलाच्या पिशवीत कागदपत्रं होती, बाईंच्या पिशवीत औषधं होती, तरुणाच्या पिशवीत असं काही होतं की ते सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या पिशवीत टॉवेल आणि चपलांचा जोड होता; पण परक्या ठिकाणी टॉवेल नसला की काय हाल होतात, हे ज्याचं त्यालाच माहीत. मी पिशवी पायाने थोडी आत सरकवली. अक्काने ते पाहिलं.

"साडेबारा वाजले," ती मला म्हणाली. "हे असंच बसून राहिले तर मी काही चारपर्यंत पोचत नाही. मी उतरते. रस्त्याने जाते."

"एकटी?"

ती माझ्याकडे बघत राहिली. सेविकाही बघत राहिली. नाइलाजाने मी विचार केला आणि असं सांगितलं की, दोघंही रस्त्यावर अडकण्यापेक्षा घरातलं एक माणूस तरी जलद मार्गाने धाकटीपाशी पोचलेलं बरं. हा विचार निर्दोष होता. आजही मला त्यात चूक सापडत नाही, आणि मी बऱ्याचदा शोधतो.

"बरोबर आहे तुझं," अक्का म्हणाली. शाळेत चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला ती याच आवाजात 'बस खाली' म्हणत असे.

"चला मावशी, मीपण येतो," नळवाला उठला. "माझं वजन चांगलं ऐंशीच्या वर आहे, विमानाचं काम होईल. माझ्या साडूची गाडी इथे जवळच आहे, तो तीन तासांत सोडेल आपल्याला." उठताना त्याने एकदा खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर अजून धावपट्टीच होती.

दोघं शिडीवरून उतरली तेव्हा विमानात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मग नळवाल्याच्या जागेवर जाऊन बसलो, कारण चांगली खिडकी वाया जाणं मला बघवत नाही.

येथून पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. जो प्रवासी विमानात नाही त्याचं सामानही विमानात असू नये, असा नियम आहे. नळवाल्याची अवजारांची पेटी विमानाच्या पोटात होती. ती शोधायला सगळं सामान बाहेर काढावं लागलं. पेटी सगळ्यात शेवटी सापडली. तोवर थंड हवेसाठी एक इंजिन चालू होतं, त्याने इंधन प्यायलं, आणि विमान आपोआप हलकं झालं. इतकं की कुणीही उतरायची गरज उरली नाही. कप्तानाने ही आनंदाची बातमी आम्हाला दिली. पण इंधन कमी पडल्यामुळे ते पुन्हा भरणं भाग होतं. ते भरलं, तोवर ऊन आणखी वाढलं होतं, आणि विमान पुन्हा जड झालं. मग इंजिन चालू ठेवून वाऱ्याची दिशा बदलण्याची वाट बघण्यात आली. तीन वाजून दहा मिनिटांनी वारा बदलला आणि आम्ही उडालो. मला लगेच झोप लागली.

रुग्णालयात पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. धाकटीला आत नेऊन तास होत आला होता. तिसऱ्या मजल्यावर तिच्या खोलीत भाचा एका कडेला बसला होता आणि अक्का रिकाम्या पलंगाजवळच्या खुर्चीवर. न्हाणीघरात नळवाला वाकून काहीतरी पिळत होता. अक्काला सोडून तो निघालाच होता, पण नळ गळताना दिसला आणि त्याचा पाय निघेना.

"भेट झाली?" मी विचारलं.

"साडेतीनला पोचलो. अर्धा तास मिळाला."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, दोन गुण दे आता तरी." अक्काने पलंगावरची चादर सरळ केली. "म्हटलं, बाहेर ये, मग पेपर पुन्हा तपासते. तर हसली. हसतच आत गेली." मग ती बराच वेळ चादरच सरळ करत राहिली. "तुझी वाट बघत होती. मी सांगितलं, तो जलद मार्गाने येतोय."

नळवाला हात पुसत बाहेर आला. "साहेब, ढग कसे होते हो?"

"छान होते," मी म्हणालो. "पांढरे."

तो लक्षपूर्वक ऐकत उभा राहिला.

साडेआठला डॉक्टर बाहेर आले. झडप नीट बसली होती. धाकटी आता बरी आहे. ती आणि अक्का रोज सकाळी फोनवर बोलतात आणि रोज सकाळी भांडतात. माझ्याशी दोघीही अत्यंत आदबीने वागतात, कप्तान वागला होता तशा.

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे. ऐकणारा प्रत्येक जण शेवटी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघतो आणि म्हणतो, "मी असतो तर उतरलो असतो." अशांची मी रीतसर यादी ठेवली आहे. कालपर्यंत ती दोनशे सात झाली. म्हणजे आमच्यासारखी तीन विमानं पार रिकामी होऊन चौथ्यातलेही लोक उठायला लागले आहेत. तुमचंही मत वेगळं नसणार, हे तुमच्या चेहऱ्यावरूनच दिसतं आहे. तुमचं नाव दोनशे आठवं लिहून घेतलं आहे. आता कृपा करून जागेवरून उठा. इतका वेळ तुम्हीही बसूनच आहात.