कपाळावरची आठी आणि फ्रीजरमधलं दूध

बायकोच्या कपाळावरची आठी गेली तर आपला काय काय फायदा होईल, याचा हिशेब सर्व्हेअरने एका सकाळी अंघोळ करता करताच मांडून टाकला. ओला टॉवेल गादीवर टाकता येईल. जेवताना मोबाइल बघता येईल. "आलोच" म्हणून सोफ्यावरच बसून राहता येईल. पाहुण्यांपुढे जुनाच विनोद पुन्हा सांगता येईल. तशी यातल्या कशालाही कायद्याने बंदी नव्हती. फक्त ती आठी होती.

आठी साधीसुधी नव्हती. त्याची बायको वाचनालयाच्या अभ्यासिकेची प्रमुख. तिथे चारही भिंतींवर 'शांतता राखा' अशा पाट्या, आणि जिने ती शांतता राखून घ्यायची तिलाही तोंड उघडायची सोय नाही. त्यामुळे बाई सगळा कारभार कपाळावरून चालवत. मागच्या बाकावर कुणी वेफर्सचं पाकीट फोडलं, की बाईंनी नुसतं वर पाहायचं. दोन भुवयांच्या मधोमध एक उभी रेघ उमटायची आणि पाकीट, फोडणाऱ्यासकट, जागच्या जागी गप्प व्हायचं. हे हत्यार बाई संध्याकाळी कामावरच ठेवून येत नसत, एवढीच नवऱ्याची तक्रार होती.

नवरा विमा कंपनीचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि पोचा जुना की नवा ते सांगायचं, हा त्याचा धंदा. गाडीचा मालक शपथेवर काहीही सांगो, पत्रा आपल्याशी खोटं बोलत नाही, असं तो अभिमानाने म्हणे. तर अशा या जाणत्या माणसाने बायकोच्या वाढदिवसाला तिच्या हातात एक लिफाफा ठेवला. आत नव्या त्वचा-क्लिनिकचं कुपन होतं: कपाळावरच्या सुरकुत्या घालवायचं इंजेक्शन, एक वेळ.

बायकोने कुपन वाचलं. मग त्याच्याकडे पाहिलं. रेघ उमटली.

"हे काय?"

"तुझ्यासाठी. बाळंतपणाची रजा संपतेय, कामावर जाताना जरा ताजीतवानी..."

"म्हणजे सध्या मी शिळी आहे."

"तसं नाही गं."

सर्व्हेअरची आई मटार सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "झाडू दिला असतास तर कमी लागलं असतं तिला."

बायकोने कुपन उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "तिथे तासभर कुणी मला हाक मारणार नाही ना?" प्रश्न जरा विचित्र होता. पण गिऱ्हाईक दुकानात शिरतंय म्हटल्यावर दुकानदार फार चौकशी करत नाही. सर्व्हेअर घाईने "नाही, नाही" म्हणाला.

शनिवारी ती जाऊन आली. परत आली तेव्हा कपाळ कसं, इस्त्री केलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं.

"झालं?"

"बरं वाटलं," ती म्हणाली आणि पाच महिन्यांच्या लेकीला घेऊन बसली. या लेकीला घरात सगळे 'बाईसाहेब' म्हणत, कारण तिने हाक दिली की बसलेला माणूस उठत असे.

सर्व्हेअरने चाचणी घेतली. टॉवेल भिजवला, गादीच्या बरोबर मधोमध टाकला आणि दारात उभा राहिला. बायको आली. तिने टॉवेलकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. कपाळ सपाट. टॉवेल सरकवून ती आडवी झाली. सर्व्हेअरला राज्य मिळाल्यासारखं झालं. सुंठेवाचून खोकला गेला म्हणतात, तो हाच.

राज्य दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत टिकलं.

"काय रे," आई म्हणाली, "सूनबाई बाळाला अंगावर पाजते ना?"

"हो. का?"

"मग ते टोचलेलं औषध दुधात नाही ना उतरत?"

सर्व्हेअरचं बिस्कीट चहात पडलं आणि बुडालं. आयुष्यभर दुसऱ्याच्या निष्काळजीपणावर शेरे मारणाऱ्या या माणसाने भेट देण्याआधी एवढा एक प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

"तिला विचार," आई म्हणाली.

"विचारतो," तो म्हणाला आणि विचारलं नाही. विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं, की मी विचारच केला नव्हता. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?

त्यापेक्षा नुकसानीची पाहणी आपणच करावी, असं त्याने ठरवलं. मोबाइलचा टॉर्च बाजूने धरून त्याने बाईसाहेबांचं कपाळ बंपरसारखं तपासलं. सपाट. मग त्याने रागावलेला चेहरा केला. बाईसाहेब शांतपणे बघत राहिल्या. त्याने पातेल्याचं झाकण आपटलं. बाईसाहेब हसल्या. त्याने मिक्सर रिकामाच फिरवला. बाईसाहेबांनी आनंदाने पाय झाडले.

"आठी घालतच नाहीये ती," तो घाम पुसत म्हणाला.

"पाच महिन्यांचं लेकरू कुणावर आठी घालणार? तिला काय तुझा पगार माहीत आहे?" आई म्हणाली.

त्याने बाल्कनीत जाऊन, दार लावून, बाळाच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"हे बघा, ते औषध बहुतेक टोचल्या जागीच राहतं. दुधात येण्याची शक्यता फार कमी मानतात. पण पाजणाऱ्या आयांवर पुरेसा अभ्यास झालेला नाही, म्हणून आम्ही सहसा सांगतो की थांबा, घाईची गोष्ट नाही. बाळ नीट पितंय? जोरात रडतंय? मान धरतंय?"

"सगळं करतंय."

"मग घाबरू नका. काही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या. इंजेक्शन घेतलं कधी?"

"काल. आणि कालच कपाळ सपाट."

"कालच? त्याचा परिणाम दिसायला काही दिवस लागतात हो. तुमच्याकडे फारच लवकर दिसला. कुठलं औषध होतं, किती दिलं, ते मिसेसना विचारा आणि मला सांगा."

सर्व्हेअरने यातलं 'घाबरू नका' गाळलं, 'विचारा' गाळलं, आणि दोनच गोष्टी घेऊन आत आला. एक, अभ्यास पुरेसा नाही. त्याच्या खात्यात माहिती अपुरी म्हणजे दावा नामंजूर. दोन, परिणाम फारच लवकर दिसला. म्हणजे डोस जबरदस्त असणार.

त्या दिवसापासून तो आदर्श नवरा झाला. बाईसाहेबांनी जरा कुईं केलं की हा धावे. "तू पड गं, मी बाटलीने पाजतो." कामावर गेल्यावर बाळाला पुरावं म्हणून बायकोने कितीतरी आठवडे पंपाने थेंबथेंब काढून फ्रीजरमध्ये दुधाच्या चपट्या पिशव्यांची भिंत रचली होती. ते दूध इंजेक्शनच्या आधीचं, म्हणजे निर्धोक. सर्व्हेअर एकेक वीट काढत गेला.

बायकोला वाटलं, बिचाऱ्याला कुपनाची लाज वाटतेय, भरपाई करतोय. ती झोपली. बाळंतपणानंतर पहिल्यांदाच सलग झोपली. झोपेने कपाळ आणखी सपाट झालं. ते बघून नवरा आणखी घाबरला, तिला आणखी झोपवू लागला. असं ते चक्र सुरू झालं. मधे जाग आली की ती जड छातीने पंप लावून बसे, पिशवी भरे आणि म्हणे, "एवढी फ्रीजरमध्ये ठेवतोस?" हा "हो" म्हणून स्वयंपाकघरात जाई आणि पिशवी बेसिनमध्ये ओती.

एकदा आईने पाहिलंच.

"अरे, काय करतोस काय?"

"संशयित माल आहे."

"तिला विचारलंस?"

"विचारतो."

"तू विचारशील तोवर नात कॉलेजात जाईल," आई म्हणाली.

कामावर रुजू व्हायच्या आदल्या सकाळी बायको पिशव्या लावून ठेवायला उठली. तिने फ्रीजर उघडला. आत बर्फाचा ट्रे होता आणि आईंनी सोललेले मटार होते.

"दूध कुठे आहे?"

"बाईसाहेब प्यायल्या."

"सगळं? बरं. मी काढून दिलेलं?"

सर्व्हेअरची नजर बेसिनकडे गेली. तिची नजर त्याच्या नजरेमागून गेली आणि परत आली. आणि मग ती आली. आधी डाव्या भुवईशी एक बारीक हालचाल, मग मधोमध ती रेघ, उभी, खोल, तळापर्यंत.

सर्व्हेअर वाकून बघायला लागला. पोचा जुनाच. जागा तीच. दुरुस्तीची खूणही नाही.

"आई, आठी!" तो ओरडला. "आठी आहे, आई!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. जी घालवायला त्याने पदरचे पैसे मोडून कुपन आणलं होतं, तिच्याकडे तो देवदर्शन झाल्यासारखा बघत होता.

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" बायको म्हणाली.

"तू इंजेक्शन घेतलंच नाहीस?"

"नाही."

"मग तिथे तासभर केलंस काय?"

"झोपले." तिने फ्रीजरचं दार लावलं. "तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, अंगावर पाजता का. हो म्हटलं. म्हणाल्या, धोका कमी असावा, पण खात्रीने सांगण्याइतकी माहिती कुणाकडेच नाही. बाळाचं पिणं सुटलं की या, सुरकुती काही पळून जात नाही. मग काम काय करता ते विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तर नीट विचार करूनच या, कपाळ हललं नाही तर तुमची अभ्यासिका कोण सांभाळणार? खुर्ची मागे टेकवली, दिवा घालवला. म्हणाल्या, वेळ तुमचाच आहे, पडा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"

"मी दोनदा सांगितलं होतं याला," आई मागून म्हणाली.

डॉक्टरांनीही सांगितलं होतं, हे सर्व्हेअरने मनातच ठेवलं. "आणि तो टॉवेल?" त्याने हळूच विचारलं. "त्यावर तू काहीच..."

"आठी घालायलासुद्धा अंगात ताकद लागते. ती तेव्हा नव्हती," ती म्हणाली. "आता आहे."

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. घरात दूध नव्हतं, म्हणून भिंत पुन्हा रचून होईपर्यंत रोज दुपारी बाईसाहेबांना वाचनालयात पोचवायचं काम सर्व्हेअरकडे आलं. पाजायची सोय आतल्या खोलीत, तिथे जायची वाट अभ्यासिकेतूनच होती आणि त्याचे बूट करकरायचे. पहिल्या दिवशी सगळ्या माना वर झाल्या आणि टेबलामागून आठी आली. दुसऱ्या दिवसापासून तो एका हातात बूट, दुसऱ्या हातात लेक घेऊन, मोज्यांवर चालत जाऊ लागला. विद्यार्थी त्याला वाट करून देत. आठीला भिणाऱ्या त्यांच्याच तुकडीतला होता तो.

तर फायदा कुणाचा झाला? बायकोला झोप मिळाली. आईला जन्मभर पुरेल असा किस्सा मिळाला. डॉक्टरीणबाईंची सुई बाहेरही निघाली नाही. राहिला सर्व्हेअर. रविवारी अंघोळ करून आला, बायको गॅलरीत आहे असं पाहिलं आणि जुन्या सवयीने टॉवेल गादीवर टाकला.

पाळण्यात बाईसाहेब जाग्या होत्या. त्यांनी टॉवेलकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं. झाकण, मिक्सर, रागावलेला चेहरा, कशानेही जी आली नव्हती, ती दोन इवल्या भुवयांच्या मधे सावकाश उमटली.

सर्व्हेअरने वाकून नीट पाहिलं. पोचा अगदी नवा होता. जागा मात्र तीच.

त्याने टॉवेल उचलला.