सोपानरावांच्या पोटाविषयीचा ठराव

माणसाचे पोट ही वरवर त्याची खासगी बाब असली, तरी चाकणच्या कांदाबाजारात ती सार्वजनिक सोय असते. हे १९५६ साली सर्वांच्या नीट ध्यानात आले.

त्या वर्षी अडते सोपानराव यांनी पोट कापून कमी करण्याचा विचार जाहीर केला. आजार काही नव्हता. पिंपरीच्या नव्या कारखान्यातले साहेब पाटलोणीवर पट्टा लावतात आणि आपल्याला पट्ट्याला जागाच सापडत नाही, एवढेच दुखणे होते. पुण्याचे सर्जन (विलायतेहून शिकून आलेले, स्वतः काडीसारखे) म्हणाले, "चरबी काढता येईल. टेबलावरून उठाल, याची हमी मात्र देत नाही." सोपानरावांना यातले पहिले वाक्य फार आवडले.

बाजाराला घोर लागला. कांद्याचा सौदा उपरण्याखाली बोटे दाबून ठरतो. भाव तिसऱ्याला कळू नये, हा या पद्धतीचा आत्मा (तिसऱ्यात मालाचा मालकही येतो). सोपानरावांच्या पोटावरून सोडलेले उपरणे राहुटीसारखे उभे राही आणि खाली दोन्ही हात सुखाने नांदत. हडकुळ्या अडत्यांची उपरणी अंगाला चिकटतात, बोट न् बोट दिसते. अशाने व्यापारात विश्वास कसा राहणार?

सभा भरली. व्यापारी मारुतराव हात जोडून उठले. "सोपानराव, पोट तुमचं आसंल, पर आडोसा समद्यांचा हाय!" बाजाराच्या परवानगीशिवाय पोट कमी करू नये, असा ठराव एकमताने झाला. सोपानरावांच्या जिवाचा विषय वेळेअभावी राहिला.

तो घरी शालनबाईंनी काढला. "त्या पाटलोणीपायी मला कुंकू पुसाय लावता व्हय? काय चिरायचं ते तिलाच चिरा!" एवढे बोलून त्या पदर तोंडाला लावून रडू लागल्या. सोपानराव वरमले आणि धोतरात परतले. पोट वाचले, माणूसही वाचला (हा क्रम बाजाराचा).

पुढच्या बाजारी पेढे वाटले. उपरणे पसरले, बोटे दाबली गेली, टाळ्या पडल्या. तेवढ्यात चिमाजी नावाचा शेतकरी म्हणाला, "पर माज्या कांद्याला भाव काय ठरला?"

एवढ्या आनंदाच्या वेळी असा प्रश्न! सगळ्यांचाच विरस झाला. मारुतरावांनी त्याच्या हातावर पेढा ठेवून त्याला बाजूला नेले.

बाजाराला हसू नका. इथवर तुम्हीही सोपानरावांच्याच पोटाची काळजी वाहिलीत. कांदा कोणाचा, हे तुम्ही तरी कुठे विचारले?