जोतीरामाची पाहणी

"पोरीला न्यायच्या आधी बापानं सोता बघून यायचं. आपल्या घरची रीतच हाय तशी!"

कळस गावच्या पारावर बसून जोतीरामानं हे जाहीर केलं आणि फेटा सारखा केला. ही रीत त्याच्या पणजोबापासून चालत आली असावी असंच ऐकणाऱ्याला वाटलं असतं. खरं म्हणजे ती त्याला तंबाखू मळता मळता आत्ताच सुचली होती.

त्याचं असं झालं होतं. बारामतीच्या माळावर 'गंमतनगर' नावाचं काहीतरी येऊन पडलं होतं. तिकडून यष्टीनं येणारा प्रत्येक जण नवीनच काहीतरी सांगायचा. तिथं म्हणे आरशांचं घर होतं, इंजनावर गरगरा फिरणारे लाकडी घोडे होते आणि चिंचेच्या झाडाच्या वर डोकं काढणारा लोखंडी पाळणा होता! जोतीरामाची सारजा पंधरा वर्षांची. फायनल पास झालेली आणि जूनमध्ये पुण्याला मामाकडं पुढं शिकायला निघालेली. वह्या आणि शाई सोडून तिनं बापाकडं आजवर काही मागितलं नव्हतं. पण परवा भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, "आबा, पुण्याला जायच्या आधी एकदा ते गंमतनगर बघायचं हाय."

'जायच्या आधी' हे शब्द ऐकले आणि जोतीरामानं हातातला घास परत ताटात ठेवला. तो तिथल्या तिथं 'चल' म्हणणार होता. पण शेजारच्या महिपतीनं त्याच्या डोक्यात किडा सोडून ठेवला होता.

"तरण्याताठ्या पोरांनी जायाची जागा न्हाय ती," महिपती म्हणाला होता. "माझ्या मेव्हण्याच्या वळखीचा एक जण त्या आरशांच्या घरात शिरला, तो दोन दिस भायेरच आला न्हाय. जिकडं जावं तिकडं आपलं ह्योच म्होरून येतोय!"

तर असा तो पाहणीचा निर्णय. पारावरच्या आणखी चार बापांना तो इतका पसंत पडला, की त्यांनी आपापल्या पोरांचं ओझंही जोतीरामाच्याच खांद्यावर टाकलं. "तू बघून ये जोतीराम, मग आमी ठरवतो." गंमतनगर सोमवारी उठणार होतं. दिवस थोडे होते.

गुरुवारी बारामतीचा बाजार. वांगी विकून झाल्यावर जोतीराम माळाकडं निघाला. अंगात ठेवणीतला काळा कोट, कानावर पेन्सिल आणि बगलेत सारजाची जुनी वही. बघितलेलं लिहून घ्यायला नको?

दारावरच्या माणसानं विचारलं, "तिकीट?"

"तिकीट कसलं?" जोतीराम गुरगुरला. "मी पाहणीला आलोय!"

तो माणूस ताडकन उठून उभा राहिला. कचेरीतून पाहणीला कुणीतरी यायचं आहे, या धास्तीनं गंमतनगरची मंडळी आठ दिवस अर्धपोटी जेवत होती, हे जोतीरामाला काय ठाऊक! क्षणात मॅनेजर धावत आला, हात जोडून म्हणाला, "या साहेब, या! आम्ही वाटच बघतोय!"

'मी साहेब नाही' असं सांगायला जोतीरामानं तोंड उघडलं, तेवढ्यात कुणीतरी त्यात जिलबी घातली. भरल्या तोंडानं खुलासा कसा करायचा? आणि जिलबी संपेपर्यंत खुलाशाची निकड बरीच कमी झाली होती.

त्या दिवशी त्यानं फक्त आरसे पाहिले. एका आरशात तो पोत्यासारखा दिसला, दुसऱ्यात शेवग्याच्या शेंगेसारखा. तिसऱ्यात तर त्याचं डोकंच पोटात गेलं! तो एवढा हसला, की मॅनेजरनं त्याच्यासाठी पाणी मागवलं. घरी मात्र तो गंभीर तोंड करून शिरला.

"कसं हाय आबा?" सारजानं विचारलं.

"घाई करून भागत न्हाय पोरी. पाहणी अर्धीच झालीया," असं म्हणून तो घाईघाईनं गोठ्यात गेला. आरशातली शेंग आठवून त्याला हसू फुटत होतं.

शुक्रवारी घोड्यांची पाहणी. मॅनेजरनं त्या दिवशी जय्यत तयारी ठेवली होती. गळ्यात झेंडूचा हार घातला, कपाळाला गंध लावलं, सगळ्यात पुढच्या पांढऱ्या घोड्यावर बसवलं आणि ताशावाल्याला खूण केली. घोडे फिरू लागले. तीन फेऱ्यांत जोतीराम सोळा वर्षांचा झाला. "हाण, हाण!" म्हणत त्यानं लाकडी घोड्याला टाचा मारल्या.

नेमकी त्याच वेळी इंदापूरकडं जाणारी यष्टी माळाच्या कडेनं गेली. खिडकीत बसलेल्या सोपाननं, जोतीरामाच्या चुलतभावानं, एवढंच बघितलं, की आपला दादा हार घालून घोड्यावर बसलाय आणि म्होरं बाजा वाजतोय. यष्टी पुढं गेली. सोपानचा जीव मात्र तिथंच राहिला.

शनिवारी जोतीराम "आता शेवटचं कलम" म्हणून घराबाहेर पडला आणि इकडं सोपान त्याच्या दारात उभा राहिला.

"वैनी, मन घट करा."

"काय झालं?" जोतीरामाची बायको मुक्ताबाई हातातलं मुसळ तसंच धरून बाहेर आली.

"दादाला काल बघितला. गळ्यात हार, कपाळाला गंध, बुडाखाली घोडा. बाजा बी होता!"

मुक्ताबाईनं मुसळ खाली ठेवलं. मग काही विचार करून पुन्हा उचललं.

"सारजे, वहाणा घाल! तुज्या बानं दुसरं लगीन केलं!"

"आई, काय बी काय? आबा कसलं लगीन करत्यात? त्यास्नी त्यांचा फेटा तरी सापडतोय का?"

"मग त्यो सापडून द्यायलाच केली आसंल की दुसरी!"

यष्टीत कंडक्टरनं मुसळाला हरकत घेतली. मुक्ताबाईनं त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि मुसळ आत आलं.

गंमतनगरच्या दारावर तिनं विचारलं, "कळसचं जोतीराम हितं आल्यात का? काळा कोटवालं?"

"साहेब ना? आत आहेत," दारवान अदबीनं म्हणाला. "पाळण्यापाशी."

मुक्ताबाई मटकन खालीच बसली. "अगं बाई! काल घोडा न् आज पाळणा बी?"

सारजानं तोंडाला पदर लावला. सोपाननं घाबरून दिवस मोजले. मग तिघं आत धावली.

आत भलतंच चाललं होतं. मॅनेजरनं "साहेबांनी स्वतः बसून खात्री करावी" म्हणून जोतीरामाला लोखंडी पाळण्यात चढवलं होतं. त्याची पेटी ऐन टोकाला गेली आणि इंजनानं दोन उचक्या देऊन मान टाकली. जोतीराम आभाळाला टेकला होता. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हातांनी दांडा कवटाळलेला. फेटा केव्हाच खाली येऊन पडला होता.

"उतरा खाली!" मुक्ताबाई गरजली.

वरून बारीक आवाज आला, "उतरता आलं आसतं तर हितं कशाला बसलो आसतो?"

"कोण हाय ती? तिला बी खाली आणा!"

"कोण ती? हितं मी एकटाच हाय गं! न् वारं सुटलंय!"

माणसं जमली. मॅनेजर इंजनाला लाथा घालत होता, शिव्या देत होता आणि मधूनमधून वर बघून "एकच मिनिट साहेब!" म्हणत होता. सारजा जवळ गेली. त्यांच्या विहिरीवरचं इंजन हप्त्यातून दोनदा असंच रुसायचं.

"हवा धरलीया त्यानं," ती म्हणाली. "पाना द्या हिकडं."

"पोरी, तुला काय कळतंय त्यातलं?"

"बरं. मग बसू द्या आबास्नी वर."

मॅनेजरनं पाना दिला. सारजानं डिझेलच्या नळीचा नट सैल केला, फसफसून हवा जाऊ दिली, नट आवळला. "मारा हँडल!" इंजन खोकलं, धडधडलं आणि जोतीराम हळूहळू पृथ्वीवर आला.

"तुम्ही साहेबांच्या कन्या का?" मॅनेजर भारावून म्हणाला.

"साहेब कसलं? आमचं आबा हायती. वांगी पिकवत्यात."

मॅनेजरनं जोतीरामाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग पाहणी कसली?" मॅनेजरनं विचारलं.

जोतीरामानं मान खाली घातली. "ह्या पोरीला आणावं का न्हाय, त्याची. परवाच सांगणार होतो. पर जिलबी आडवी आली."

मॅनेजर एकदम खो खो हसत सुटला. मुक्ताबाईनं मुसळ सोपानच्या हातात दिलं, कारण तिलाही पोट धरायला दोन्ही हात लागत होते.

"बसतीस का, सारजे?" फेटा झटकत जोतीराम हळूच म्हणाला.

"तुमी बसणार आसला तर."

जोतीरामानं फेटा पुन्हा घट्ट बांधला. आणि तो तिच्याबरोबर पाळण्यात बसला. या वेळी मात्र डोळे मिटले नाहीत, कारण सारजा हात लांबवून दाखवत होती, "आबा, पुण्याचा रस्ता त्यो बघा. एवढा बी लांब न्हाय." तो त्या रस्त्याकडं बघत राहिला. "न्हाय, लई लांब न्हाय," तो म्हणाला आणि उगाच नाक शिंकरलं.

दिवेलागणीला मंडळी कळसला पोचली. पारावर चारही बाप निकालाची वाट बघत होते. जोतीराम खाकरला, पण महिपतीनं त्याला अडवलं. यष्टीतून उतरल्या उतरल्या सोपान पुढं पळाला होता, तो कुणाला काही न सांगता थोडाच राहणार होता!

"तू गप. सारजे, तू सांग. न्यायाजोगं हाय का तितं?"

सारजानं गंभीरपणे विचार केला.

"हाय की काका," ती म्हणाली. "बापाला जरूर न्यावं. फकस्त हात सोडू नये."