गाचांजांचं न मोडणारं विमान

"याला विमान म्हणायचं?" गाचांजांनी थर्माकोलचा पांढरा पंख दोन बोटांत धरून हलवला. "टीव्ही घेतला तेव्हा खोक्यात हेच होतं की!"

रिकाम्या बापाचा वेळ जावा म्हणून वाम्बुईनं, त्यांच्या मुलीनं, परदेशातून रिमोटवर उडणाऱ्या विमानाचे सुटे भाग पाठवले होते. भाग चिकटवा, पंखात दोन बारीक काळ्या काड्या बसवा आणि उडवा, इतकंच काम. पण गाचांजांनी थिका शहरात एकतीस वर्षं मटाटूंच्या, म्हणजे भाड्याच्या प्रवासी गाड्यांच्या, बॉड्या बांधल्या होत्या. चौदा जणांच्या गाडीत पंचवीस बसणार हे धरूनच त्यांनी जन्मभर वेल्डिंग केलं. आपली एकही मटाटू खड्ड्यात मोडली नाही, हे ते दिवसातून दोनदा तरी सांगत.

"वाम्बुईचे बाबा, पसारा मांडताय ते माझं जेवणाचं टेबल आहे," त्यांची बायको वांगेची म्हणाली. "रविवारी माझ्या बचत गटाच्या बारा जणी जेवायला येणार आहेत. आपल्याकडे पहिल्यांदाच. तोवर हे उडलं तर ठीक. नाही उडलं तर कोंबड्यांच्या खुराड्यावर जाईल, आणि पुन्हा माझ्या टेबलाला हात लावायचा नाही."

"उडणारच. काम कुणाचं आहे?"

पंखावर नखाएवढी खोक होती. गाचांजांनी सवयीनं तिच्यात पत्र्याला लावायची पुट्टी भरली. पुट्टीनं खोक बुजवायचं सोडून थर्माकोलच खायला घेतलं. दहा मिनिटांत मूठ जाईल एवढं भोक पडलं. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. गाचांजांनी भोकाच्या आरपार मटण भाजायच्या बांबूच्या काड्या घातल्या, वर छत्रीच्या तारा बांधल्या आणि सगळ्याला चिकटपट्टीचे सात वेढे दिले. पंख दणकट झाला, तसं धड किरकोळ दिसायला लागलं. धडाला मजबुती दिली, तर शेपूट जड होऊन विमान बुडावर बसलं. तोल साधायला नाकात शिसं भरलं, तर नाकानं मान टाकली. आता नाकापासून शेपटीपर्यंत एक अखंड लोखंडी सळई हवीच होती. शनिवारची संध्याकाळ, दुकानं बंद. पण नशीब बघा, नेमक्या मापाची सळई घरातच निघाली, बसल्या जागेवरून हात खाली घातला की लागेल इतकी जवळ. शेवटी त्यांनी शेपटीवर, प्रत्येक मटाटूवर लिहीत तसं, लाल रंगात ब्रीद लिहिलं: 'जळा, पण वाट सोडा.'

रविवारी सकाळी शेजारचे ओवुओर मास्तर मैदानावर आले. शाळेत विज्ञान शिकवायचं आणि सुट्टीला विमानं उडवायची, हा त्यांचा शिरस्ता. त्यांनी विमान उचललं आणि लगेच खाली ठेवलं.

"म्झे," मास्तरांनी वडीलधाऱ्यांना मारतात ती हाक मारली, "हे विमान आहे की गॅसचं सिलिंडर?"

"हलकी वस्तू टिकत नाही, मास्तर."

"अहो, पण ती टिकवायची नाही, उडवायची आहे!"

"आधी टिकू दे. मग उडेल."

मास्तरांनी दोन्ही हातांनी विमान पेललं, धावत जाऊन फेकलं. पंखा जिवाच्या आकांतानं फिरला. विमान चार पावलांवर नाक खुपसून जमिनीत रुतलं. चरणारी गाय दोन पावलं मागे सरली. गाचांजांनी धावत जाऊन ते उपसलं, उलटसुलट करून पाहिलं आणि आनंदानं ओरडले, "ओरखडासुद्धा नाही!"

मास्तर गवतावर बसून हसता हसता डोळे पुसत होते. ते पाहिल्यावर मात्र गाचांजांचा चेहरा उतरला. घरी येताना त्यांनी विमान तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलं होतं. खुराडं त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

घरात बारा जणी खुर्च्यांवर बसल्या होत्या. टेबलावर चपात्यांची चळत होती, कोंबडीचा रस्सा होता. दोघींनी धरून मुकिमोचं, कुटलेल्या बटाटे-मक्याचं, जड पातेलं आणलं, टेकवलं, आणि टेबलानं मधोमध कुरकुर केली. पाय फाकायला लागले. रस्सा कडेकडे सरकला. बारा जणींनी एकदम टेबल धरलं. वांगेची वाकून खाली बघत म्हणाली,

"वाम्बुईचे बाबा, या पायांमधली सळई कुठे गेली?"

गाचांजांनी विमानाचे पंख काढले, ते गुडघ्यांवर टेबलाखाली शिरले आणि धड मधोमध उभं ठोकलं. नाक जमिनीवर, शेपूट वर, अगदी मापात. टेबल सरळ झालं. बायकांनी भीत भीत हात सोडले. काही हललं नाही.

जेवण पोटभर झालं. शेवटी गटातली सगळ्यात वयस्कर बाई वाकून म्हणाली, "काय गं, खाली विमान आहे ना ते? उडतं का?"

वांगेचीनं नवऱ्याकडे पाहिलं. गाचांजा ताटातल्या हाडाकडे बघत होते.

"उडायला काय, कावळेही उडतात," वांगेची त्यांच्या ताटात आणखी मुकिमो वाढत म्हणाली. "ह्यांनी केलेलं विमान बारा जणींचं जेवण पेलतं."

पाहुण्या गेल्यावर गाचांजांनी खालच्या आवाजात विचारलं, "मग आता ते खुराड्यावर ठेवू ना?"

"हात तर लावून बघा!"