भगतकाकांची ठणठणीत जीप

भगतकाकांसमोर ‘गंज’ हा शब्द काढायची सोय नव्हती. दिग्रसला ते माझे शेजारी, कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले. दाराशी त्यांची म्हातारी जीप. तिच्या पत्र्याला बोट लावलं की बोट आत जायचं.

“गंज नाही थे,” काका म्हणायचे, “जुना रंग वर येऊन राह्यला.”

मागच्या सीटपुढचा पत्रा तर इतका झिजलेला, की बसल्या बसल्या खालचा रस्ता दिसे. “हवा खेळते ना बे! तुमच्या नव्या गाड्यात माणूस उकडते.”

एकदा आमचे मेकॅनिक सलीमभाई तिच्याखाली शिरले ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले ते मान हलवत. “काकाजी, स्प्रिंग के पाटे बैठ गये, शॉकअप खतम. सब बदलना पडेगा.”

“तू खालून पाह्यतं, म्हणून तुले तसं दिसते. गाडी ठणठणीत आहे.”

काकांनी “येता का?” असं विचारलं, की गल्लीतल्या भल्याभल्यांना अचानक पायी चालण्याची आवड उत्पन्न होई. पुढची सीट तरी मानाची, पाहुण्यांसाठी राखलेली. मागं बसायला कधीच नाही म्हणाल्या नाहीत त्या एकट्या काकू.

गेल्या हिवाळ्यात काकूंच्या कमरेचं यवतमाळला ऑपरेशन झालं. त्यांना घरी आणायच्या आदल्या दिवशी सकाळीच काका माझ्या दारात हजर.

“चाल, मागच्या सीटवर झोप.”

“कायले?”

“पेशंट म्हणून. उद्या तिले आणाचं आहे. पाहून घेऊ.”

मी झोपलो. दारव्ह्याच्या रस्त्याला लागलो. खड्डा आला की काका ओरडत, “लागलं का?” दोनदा भिडेखातर नाही म्हणालो. तिसऱ्यांदा जीभ चावली गेल्यामुळं काहीच म्हणता आलं नाही.

काकांनी गाडी थांबवली. “तुमचं शिकलेल्याईचं अंगच नाजूक. हो पुढं, तू चालव.” आणि स्वतः मागं आडवे झाले.

मी बैलगाडीच्या चालीनं निघालो. पहिल्या खड्ड्याला काका म्हणाले, “काही नाही.” पुढच्याला नुसतं “हं.” मग आवाजच येईना. घाबरून गाडी बाजूला घेतली. काका कमरेखाली हात घालून टपाकडं बघत पडले होते.

“बाबू, इतकं लागते?”

मी इंजिन बंद केलं.

“मी दर वेळी पुसत होतो रे तिले. बरी बसली ना म्हणून. हो म्हणे.”

दुसऱ्या दिवशी काकांनी अॅम्ब्युलन्स सांगितली. मीही सोबत होतो. ‘हळू चालव’ असं काकांनी ड्रायव्हरला इतक्यांदा बजावलं, की तो उत्तर द्यायचाच बंद झाला. दारव्हा मागं पडल्यावर काकूंनी डोळे उघडले.

“आपली गाडी काहून नाही आणली?”

“बिघडली.”

“कवा?”

काकांनी त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली.

“लय वर्सं झाले,” ते म्हणाले. “मलेच समजलं नाही.”