मेश्रामबाईंची जडीबुटीची केस

लग्नाच्या पंगतीत मेश्रामबाई पाण्याची बाटली उघडण्याआधी तिच्यावरचं सगळं वाचत. मोठ्यानं. तारीख पुसट असली की वाढप्याला बोलावून घेत. "कोणी बनवलं, कुठी बनवलं? लिहिलं नाई तं प्यायचं नाई!" तोवर आमचा भात निवून जाई.

त्या गडचिरोलीत औषध निरीक्षक, मी सरकारी वकील. कोर्टात मी बोलायला उभा राहिलो की मागून त्यांची कुजबुज सुरू होई, "लेबल वाचा ना वकीलसाहेब, लेबल!" घरी बाई एकट्याच. लग्न का केलं नाही, असं कोणी विचारलंच तर म्हणत, "माणसावर काही लिहून राह्यते का?"

मार्कंड्याच्या जत्रेत एक जण सांधेदुखीचं औषध विकत होता. लेबलवर 'शंभर टक्के जडीबुटी, कोणताही अपाय नाही.' बाई साध्या लुगड्यात लंगडत गेल्या आणि इतक्या कण्हल्या की त्यानं बसायला स्टूल दिलं. बाटली हातात पडताच त्या ताठ उभ्या राहिल्या आणि ओळखपत्र काढलं.

"पाहा, पाहा!" तो गर्दीला म्हणाला, "हातात घेताच गुण आला!"

तपासणीत बाटलीत स्टेरॉइड निघालं. पण साक्षीला बोलावलेली गिऱ्हाइकं एकेक करून फिरली. उरली फक्त मैनाआजी, आलापल्लीकडच्या जंगलातल्या गावची. मागेपुढे कोणी नाही. औषधानं तोंड टम्म सुजलेलं.

विक्रेत्याच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "आजी, गुडघे बरे झाले होते ना?"

"झाले होते जी. मी तं नाचाले लागली होती."

केस गेली, असं मला वाटलं.

"मंग बाटली सरली आन् मले उठताच येईना. पुन्हा घेतली, पुन्हा घेतली. तोंड फुगलं." आजी विक्रेत्याकडे वळली. "काऊन रे बाबा, झाडपाल्यानं असं होते का? आमी तं झाडपाल्यातच राहतो."

त्याला शिक्षा झाली. मी पेढे मागवले. बाई मात्र निकाल ऐकून निघून गेल्या होत्या.

पुढे आलापल्लीला काम निघालं, तेव्हा वाट वाकडी करून आजीच्या गावी गेलो. ती बरी आहे का, एवढंच पाहायचं होतं. अंगणात आजी खाटेवर बसली होती. तोंडावरची सूज उतरली होती. आणि तिच्या पायाशी, जमिनीवर, मेश्रामबाई.

"डाक्टरकडे हेच नेते मले, दर खेपेले," आजी म्हणाली. "सुटी असली का मुक्कामालेच येते."

ती बाईंच्या पिकल्या केसांत तेल चोळत होती. मला पाहून बाई ओशाळल्या, उठू लागल्या. आजीनं त्यांचं डोकं हातानं खाली दाबलं.

"बस ना वो पोरी. हलू नको."

निवृत्तीला आलेल्या मेश्रामबाई निमूट बसल्या, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.