माझं डोकं आणि कांबळे सिस्टर

कांबळे सिस्टर कोणाकडेही जेवायला गेल्या की निघताना चमचे मोजतात. त्या घरचे. आमच्या बिल्डिंगमध्ये पाटलांच्या मुलीचा साखरपुडा झाला, तेव्हा जेवणं उरकल्यावर त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एक चमचा कमी आहे. कोणी बाहेर जायचं नाही." मुलाकडची माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. मुलाच्या मामांनी तर आपणहून खिसे उलटे करून दाखवले. शेवटी चमचा श्रीखंडाच्या पातेल्यात बुडालेला सापडला. "काउंट बरोबर," सिस्टर म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. ते लग्न तरीही झालं, याचं मला अजून नवल वाटतं.

सिस्टर एका सरकारी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तेहेतीस वर्षं होत्या. पेशंटचं पोट शिवण्याआधी चिमटे, सुया, कापसाचे बोळे मोजायचे, आत काही राहिलं नाही ना ते बघायचं आणि डॉक्टरांना 'काउंट बरोबर' म्हणून सांगायचं, हे त्यांचं काम. त्या निवृत्त झाल्या, मोजणी काही निवृत्त झाली नाही. 'मी तेहेतीस वर्षं थेटरमध्ये काढली' असं त्या सांगतात, त्यामुळे नवीन भाडेकरूंना बरेच दिवस वाटतं की बाई सिनेमाची तिकिटं फाडत होत्या.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये त्या पहिल्या मजल्यावर राहतात, मी आणि आई तिसऱ्या. त्यांचं लहानपण इथल्याच बुवापाड्याच्या वस्तीत गेलं. दोन धाकटे भाऊ त्यांनीच शिकवले. एक आता पुण्याला असतो, एक नाशिकला. स्वतः लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलंच तर म्हणतात, "मुहूर्त होता, पण त्या दिवशी थेटर बिझी होतं."

त्यांची दुसरी सवय म्हणजे एक ठरलेला प्रश्न. नळ दुरुस्त करायला प्लंबर येवो की दाराला रंग द्यायला रंगारी, त्या आधी विचारणार, "हात कोणाचा?" म्हणजे काम नक्की कोण करणार. बोलायला एक येतो आणि करायला दुसरा, याचा त्यांना भयंकर राग. ज्याचा हात असेल त्याने पुढे यायचं आणि नखं दाखवायची. आमच्या बिल्डिंगचा पाण्याच्या टाकीवाला वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा नखं कापून येतो.

तर अशा बाईंपासून मला एक गोष्ट लपवायची होती. मला डोक्यावर केस लावून घ्यायचे होते.

मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका फर्निचरच्या शोरूममध्ये ड्रेसिंग टेबलं विकतो. दिवसभर समोर अकरा आरसे असतात. अकरा आरशांत अकरा नितीन, आणि अकराही जणांचं कपाळ मागे मागे सरकत चाललेलं. तरी मी दम धरून होतो. पण एक दिवस एक आजी आल्या आणि मला म्हणाल्या, "सेठजी, वो आपका बेटा कहाँ गया?" मी मागे वळून बघितलं. बेटा म्हणजे आमचे सेठ! माझं वय एकतीस, सेठ माझ्याहून बावीस वर्षांनी मोठे. सेठ आठवडाभर गाणी गुणगुणत होते. मी त्या दिवशी जेवलो नाही.

स्टेशनकडे जाताना एका मिठाईच्या दुकानावर एक क्लिनिक होतं. बाहेर भला मोठा बोर्ड आणि त्यावर हाताची घडी घातलेले डॉक्टर. मी गुपचूप तारीख ठरवली, रक्त तपासायला दिलं आणि घरी येताना जिन्यात सिस्टर भेटल्या.

"हे काय?" त्यांनी माझा दंड पकडला.

"मच्छर चावला."

"मच्छराने चावून वर कापूस लावला? चिकटपट्टी पण मारली?"

दोन मिनिटांत मी सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत, हसल्या नाहीत. फक्त विचारलं, "हात कोणाचा?"

"डॉक्टरांचा. बोर्डावर फोटो आहे."

"फोटोतल्या माणसाचे हात काखेत आहेत. मी बघितलाय तो बोर्ड. मी येणार."

ठरल्या दिवशी त्या खरंच आल्या. "मी बाहेर बसते, तू जा आत," असं इतक्या शहाण्यासारखं म्हणाल्या की माझा विश्वास बसला. आत एका निळा गाऊन घातलेल्या माणसाने माझं डोकं सफाचट भादरलं आणि जांभळ्या पेनाने कपाळावर एका कानशिलापासून दुसऱ्यापर्यंत कमान काढली. मग त्याने सुई भरायला घेतली, एवढ्यात दार उघडलं. दारात सिस्टर. डोक्याला हिरवी टोपी, तोंडाला मास्क. दोन्ही घरून पर्समध्ये घालून आणलेलं.

"नमस्कार. हात कोणाचा?"

"मॅडम, आप बाहर बैठो."

"डॉक्टर कुठायत?"

"सर बीच बीच में राउंड मारते हैं. काम मैं ही करता हूँ. टेन्शन नहीं, मॅडम, हाथ बैठा हुआ है. पहले कटिंग में था, अब इसमें हूँ."

"कटिंग म्हणजे? सर्जरी डिपार्टमेंट?"

"नहीं मॅडम. सलून."

मी उठून बसलो. सिस्टर मात्र शांतपणे कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या नळकांड्याकडे गेल्या आणि त्याची चावी फिरवली. फुस्स असा साधा आवाजही आला नाही. मग हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र होतं, त्याचं झाकण उघडलं. आत त्या माणसाचा जेवणाचा डबा होता.

"ये क्या है?"

"आलू की सब्जी," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "गरम रहती है."

"याला इंजेक्शनची रिअ‍ॅक्शन आली, घसा सुजला, श्वास अडकला, तर काय देणार? बटाटा?" सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "नित्या, ऊठ. चप्पल घाल."

मी भादरलेलं डोकं आणि जांभळी कमान घेऊन रिक्षात बसलो. इतका वेळ मला लाज वाटत होती. आता कळलं की ती भीती होती. ती सुई टोचली असती तर माझ्या आणि देवाच्या मध्ये फक्त एक बटाट्याची भाजी होती.

शाई आठ दिवस गेली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो तर सेठ बराच वेळ माझ्या कपाळाकडे बघत राहिले आणि मग काळजीने म्हणाले, "नितीन, ये कहाँ से कटेगा?" आमच्याकडे प्लायवूड कापायच्या आधी सुतार अशीच रेघ मारतात.

मला वाटलं होतं, सिस्टर आता म्हणतील, सोड हा नाद. पण त्या म्हणाल्या, "करायचं तर करायचं. फक्त माणूस शोधू." पुढच्या तीन रविवारी आम्ही तीन डॉक्टर बघितले. खरं म्हणजे सिस्टरांनी तिघांची तोंडी परीक्षा घेतली. पहिले डॉक्टर म्हणाले, "मावशी, तुम्हाला यातलं कळणार नाही." ते तिथेच नापास. दुसरे म्हणाले, "एका दिवसात अख्खं डोकं भरून देतो." सिस्टर म्हणाल्या, "डोकं आहे, पोतं नाही," आणि माझी फाइल काखेत मारून बाहेर पडल्या.

तिसरं क्लिनिक बदलापूरला होतं. लहानशी जागा, बाहेर फक्त नावाची पाटी. डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी भिंगातून माझं डोकं मागून पुढून दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "मी आत्ता करणार नाही."

मी हबकलोच. आजवर मुलींनी नकार दिला होता, आता डॉक्टरही द्यायला लागले.

"तुमचे केस अजून गळतायत," त्या म्हणाल्या. "आज पुढे लावले आणि वर्षाने मधले गेले, तर पुढे तेवढं बेट राहील. केस डोक्याच्या मागून काढून पुढे लावायचे असतात. तिथला साठा मर्यादित असतो, तो उधळायचा नाही. सहा महिने औषध घ्या. गळणं थांबलं तर बघू."

सिस्टर खुर्चीत पुढे सरकल्या. मी त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद कधी बघितला नव्हता. "आणि हात कोणाचा?"

"कापणार मी. लावताना दोघी मदतीला असतात, पण मी खोली सोडत नाही."

सिस्टरांनी पर्समधून टाक्यांचा दोरा काढला. मला वाटलं जमीन दुभंगावी. "या खुर्चीच्या हाताला गाठ मारून दाखवा."

डॉक्टरबाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा दोऱ्याकडे. मग हसून एका हाताने अशी सपकन गाठ मारली की मला दिसलीच नाही. सिस्टरांनी ती ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. घरी येईपर्यंत त्या एकच वाक्य बोलल्या. "हिच्या हाताखाली मी पण झोपेन."

सहा महिन्यांनी माझं ऑपरेशन झालं. डोकं बधिर करायच्या सुयांबद्दल मी काही लिहिणार नाही; आई हे वाचेल. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच मी तिथे होतो आणि सिस्टर बाहेर बाकावर. शेवटी डॉक्टरबाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सिस्टर, काढले तेवढे लावले. काउंट बरोबर." सिस्टर उभ्या राहिल्या, जशा तेहेतीस वर्षं राहिल्या असतील तशा, ताठ.

घरी निघताना डॉक्टरबाईंनी सूचनांचा कागद दिला. तो मी हातात घ्यायच्या आत सिस्टरांनी पर्समध्ये टाकला. "पेशंटने वाचायचं नसतं. पेशंट वाचतो आणि नसलेलं दुखणं काढून बसतो. मी सांगेन रोजचं रोज."

आणि सांगितलं. रोज सकाळी सातला बेल वाजायची. त्या मीठपाण्याच्या फवाऱ्याची बाटली घेऊन आत यायच्या, माझ्या डोक्यावर पाणी मारायच्या आणि उद्या काय होणार ते सांगायच्या. झोपायचं तर उशा रचून, अर्धं बसून. वाकायचं नाही. खाजवायचं नाही. माझी चप्पल खाली पडली तरी आईने उचलायची. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "उद्या तू बेडूक होशील. घाबरायचं नाही." तिसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे उघडेनात. कपाळ सुजून नाकावर आलं होतं. आई चहा घेऊन आली, माझ्याकडे बघितलं आणि कप खाली टाकून किंचाळली. मी म्हटलं, "आई, मीच आहे." ती म्हणाली, "आवाज तरी त्याचाच आहे!" सिस्टर सातला आल्या, बघून म्हणाल्या, "छान. वेळेवर."

पाचव्या दिवशी सूज उतरणार म्हणाल्या, उतरली. सातव्या दिवशी खाज सुटणार म्हणाल्या, सुटली. दहाव्या दिवशी त्यांनी फेस करून बोटांच्या टोकांनी माझं डोकं धुतलं आणि खपल्या अलगद निघाल्या. खाली बारीक बारीक केस, ओळीत. "डिस्चार्ज," त्या म्हणाल्या आणि हात पुसले.

अकराव्या दिवशी सातला बेल वाजली. आईने दार उघडलं. दारात सिस्टर, हातात बाटली.

"सिस्टर, आता लागत नाही ना फवारा?" आईने विचारलं.

"नाही, नाही," त्या गडबडल्या. हातातल्या बाटलीकडे अशा बघायला लागल्या, जणू ती कोणी दुसऱ्यानेच दिली होती. "सवयीने आले. चालू द्या तुमचं."

आई चहाला थांबवत होती, पण त्या निघाल्या. मी आतून ऐकलं. त्या जिना फार सावकाश उतरत होत्या.

मी कामावर जायला लागलो. अकरा आरशांसमोर टोपी काढून उभा राहायचो आणि ते बारीक केस बघायचो. गिऱ्हाईक मला पुन्हा 'भैया' म्हणायला लागलं होतं. दहा-बारा दिवस असे गेले. मग एका रविवारी सकाळी उठलो तर उशीवर केस. डोक्यावरून हात फिरवला, हातात केस. नवे, लावलेले, एकेक करून मोजलेले. मी तसाच बनियनवर दोन मजले उतरून सिस्टरांची बेल वाजवली.

"सगळे गेले, सिस्टर! सगळं वाया गेलं!"

"आत ये," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात पहिल्यांदाच गेलो. त्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभ्यानेच पोहे खात होत्या. घरात टेबल होतं, पण त्याच्यावर पेपर रचलेले होते.

"केस गळणारच," त्या म्हणाल्या. "लावलेले तिसऱ्या आठवड्यात गळतात. मुळं आत राहतात. तीन-चार महिन्यांनी तिथूनच येतात. कागदावर लिहिलंय सगळं."

माझा जीव भांड्यात पडला. आणि मग माझ्या लक्षात आलं. "सिस्टर, तुम्ही सूज आदल्या दिवशी सांगितलीत, खाज सांगितलीत. हे एवढं मोठं का नाही सांगितलंत?"

"विसरले असेन." त्या बशी धुवायला वळल्या.

त्या काही विसरत नाहीत. मी बघत राहिलो, तेव्हा गॅसवरच्या भिंतीवर कॅलेंडर दिसलं. ऑपरेशनच्या दिवसापासून दहा चौकटींत बरोबरच्या खुणा. मग कोऱ्या चौकटी. आणि मग शुक्रवारच्या चौकटीत पेन्सिलने लिहिलेलं, 'केस गळतील. नितीन येईल.' ते खोडलेलं. शनिवारी पुन्हा, 'नितीन येईल.' तेही खोडलेलं. आजच्या चौकटीत फक्त 'येईल' एवढंच होतं.

नळ चालूच होता. बशी केव्हाच स्वच्छ झाली होती.

मी टेबलावरचे पेपर उचलून खाली ठेवले आणि खुर्ची ओढून बसलो.

"अजून पुढे काय काय होणार आहे?"

"बरंच आहे," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "नवे केस फुटताना पुळ्या येतात, मग पहिले केस येतात ते वाकडेतिकडे, मग..."

"थांबा, सिस्टर," मी म्हणालो. "सगळं आजच सांगू नका. एका वेळी एकच सांगा. मी येत जाईन."